दारिया बिलोदिद: 48 किलो गटातली झेप आणि त्यानंतरची वाट

आपण दोन प्रश्न विचारले आहेत. युक्रेनची दारिया बिलोदिद सतराव्या वर्षी ज्युदोची जगज्जेती झाली आणि पुढच्या वर्षी तिने ते पद राखले. असे असताना ऑलिम्पिकचे सुवर्ण तिच्या हाती का आले नाही आणि 57 किलो गटात गेल्यावर तिचा पूर्वीचा दबदबा का दिसला नाही, हा पहिला प्रश्न. आपली पंधरा वर्षांची मुलगी वयाच्या मानाने बरीच उंच असूनही 48 किलो गटात खेळते, तिने बिलोदिदप्रमाणे त्याच गटात राहावे का, हा दुसरा. मी अनेक वर्षे मुलींना ज्युदो शिकवते आणि वजनकाट्याच्या रांगेतले त्यांचे चेहरे जवळून पाहत आले आहे. माझ्या मते आपल्या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. ज्या शरीरयष्टीने बिलोदिदला लहान वयात जवळजवळ अजिंक्य केले, त्याच शरीरयष्टीने तिला त्या गटात फार काळ टिकू दिले नाही. तिचे यश डोक्यात गेले, ती खचली, तिची भूक संपली, अशी विधाने मी ऐकली आहेत आणि मला ती अन्यायाची वाटतात.

तिची पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. तिचा जन्म 10 ऑक्टोबर 2000 रोजी कीव्ह येथे झाला. वडील हेन्नादी बिलोदिद हे ऑलिम्पिक खेळलेले आणि जागतिक स्पर्धेत पदक मिळवलेले ज्युदोपटू. आई स्वितलाना कुझनेत्सोवा याही ज्युदोपटू आणि प्रशिक्षक. तरीही मुलीची सुरुवात रिदमिक जिम्नॅस्टिक्सने झाली आणि साधारण सहाव्या वर्षी ती ज्युदोकडे वळली. हा तपशील किरकोळ वाटला तरी तिचा खेळ समजून घेताना तो विसरू नये, कारण नितंबाच्या सांध्यांची जी लवचिकता आणि शरीराचा जो तोल तिच्या जमिनीवरच्या डावांत पुढे दिसला, तो केवळ ताटामीवर, म्हणजे ज्युदोच्या गादीवर, घडत नाही. 2015 मध्ये ती 44 किलो गटात कॅडेट म्हणजे किशोर वयोगटाची जगज्जेती झाली. 2017 मध्ये वॉर्सा येथे सोळाव्या वर्षी ती 48 किलो गटात वरिष्ठांची युरोपियन विजेती झाली. या वयात बहुतेक मुली अजून कॅडेट गटात खेळत असतात आणि वरिष्ठ खेळाडूंचा नुसता कॉलर पकडायलाही बिचकतात.

आता उंची आणि वजनाकडे येऊ, कारण खरा विषय तोच आहे. महिलांच्या ज्युदोत 48, 52, 57, 63, 70, 78 आणि 78 किलोंवरील असे सात गट आहेत. 48 किलो हा सर्वांत हलका गट, आणि या गटाची परंपरा बुटक्या, चपळ, गुरुत्वमध्य खाली असलेल्या खेळाडूंची आहे. या गटावर दीर्घकाळ राज्य केलेली जपानची रयोको तामुरा, म्हणजे लग्नानंतरची रयोको तानी, 146 सेंटीमीटर उंचीची होती. बिलोदिदची मुख्य प्रतिस्पर्धी, जपानचीच फुना तोनाकी, सुमारे 148 सेंटीमीटरची. रिओ ऑलिम्पिकची विजेती, अर्जेंटिनाची पाउला पारेतो हीदेखील दीड मीटरच्या आसपास. या खेळाडूंमध्ये 172 सेंटीमीटर उंचीची बिलोदिद उभी राहिली की समोरची खेळाडू तिच्या खांद्यापर्यंत कशीबशी पोहोचायची. दोन खेळाडूंच्या उंचीत वीस-पंचवीस सेंटीमीटरचा फरक असणे हे एकाच वजनगटात फार क्वचित घडते.

हा फरक लढतीत नेमका कसा कामाला येतो, हे सविस्तर सांगायला हवे. ज्युदोत फेक नंतर येते, पकड आधी. बहुतेक लढतींचा निकाल ज्याला जपानी परिभाषेत कुमी-काटा म्हणतात त्या पकडीच्या झटापटीतच लागत आलेला असतो. बिलोदिदचा लांब हात समोरच्या खेळाडूच्या खांद्यावरून जाऊन थेट पाठीच्या मध्यापर्यंत, प्रसंगी पट्ट्याच्या जवळ पोहोचत असे. एकदा ही पकड बसली की समोरच्या खेळाडूचे डोके खाली दाबले जाते, कंबर वाकते आणि तिला स्वतःचा डाव रचायला जागाच उरत नाही. वाकून राहिली तर पंच बचावात्मक पवित्र्याबद्दल शिदो, म्हणजे इशारा देतात, आणि तिसऱ्या शिदोला लढत हातची जाते. सरळ व्हायचा प्रयत्न केला तर बिलोदिदला हवा तो क्षण मिळतो. ती पुढे झेपावते, स्वतःचा पाय प्रतिस्पर्ध्याच्या दोन्ही पायांच्या मधून आत घालते, तिचा पाय आतल्या बाजूने झाडून काढते आणि छातीच्या रेट्याने तिला सरळ पाठीवर पाडते. ही ओ-उची-गारी. डाव नवा नाही, आपल्याकडे पहिल्या वर्षी शिकवला जातो. पण पाठीवरची पकड, लांब पाय आणि अजिबात न बिचकता पुढे येण्याची वृत्ती या तिन्ही गोष्टी जुळून आल्यावर त्या साध्या डावाला उत्तर सापडणे कठीण झाले.

उभ्याने फेक पूर्ण झाली नाही तरी तिची पकड सुटत नसे, आणि माझ्या दृष्टीने तिच्या खेळाचा सर्वांत सुंदर भाग इथेच सुरू होतो. फेकीतून निसटलेली खेळाडू बहुधा पालथी पडते किंवा हातापायांवर ओणवी होते आणि पंच ‘मात्ते’, म्हणजे ‘थांबा’, म्हणेपर्यंत कासवासारखी अंग आखडून वेळ काढते. बिलोदिद त्या काही सेकंदांत तिच्या डोक्याच्या बाजूने येऊन मान आणि एक हात स्वतःच्या मांड्यांच्या त्रिकोणात अडकवत असे. या रचनेला सान्काकु म्हणतात. त्रिकोण आवळला गेला की ती प्रतिस्पर्ध्याला उलटी करून पाठीवर घेई, आणि मग तिच्यापुढे तीन वाटा असत: दाबून धरणे, गळा आवळणे किंवा कोपराच्या सांध्यावर दाब देणे. त्या काळच्या नियमांनुसार दहा सेकंद दाबून धरले की वाझा-आरी, म्हणजे अर्धा विजय, वीस सेकंदांना इप्पॉन, म्हणजे थेट विजय. आखूड पायांच्या खेळाडूला सान्काकु बांधताना स्वतःचाच पाय पकडून आणावा लागतो. लांब पायांच्या खेळाडूचा त्रिकोण आपोआप मिटतो. ताटामीवर तिचे उभ्याचे ज्युदो आणि जमिनीवरचे ज्युदो यांच्या मध्ये सांधाच दिसत नसे. फेक अर्धवट राहिली या निराशेत एक क्षणही न घालवता ती पुढच्या डावात शिरलेली असे. तिच्या लढतींच्या चित्रफिती मुलींना दाखवायच्या असतील तर फेकींपेक्षा हे संक्रमण दाखवावे, असे मी इतर प्रशिक्षकांनाही आग्रहाने सांगते.

या भांडवलावर ती सप्टेंबर 2018 मध्ये बाकूच्या जागतिक स्पर्धेत उतरली. 20 सप्टेंबरला अंतिम लढतीत समोर गतवर्षीची जगज्जेती तोनाकी होती. बिलोदिद जिंकली तेव्हा तिचे वय 17 वर्षे 345 दिवस होते. रयोको तामुराने 1993 मध्ये हॅमिल्टन येथे पहिले जगज्जेतेपद मिळवले तेव्हा ती 18 वर्षे 27 दिवसांची होती. म्हणजे पाव शतक टिकलेला विक्रम मोडला गेला. ज्युदोच्या इतिहासात, स्त्री आणि पुरुष दोन्ही धरून, इतक्या लहान वयात कोणीही जगज्जेते झालेले नव्हते. तामुराशी तुलना तेव्हा अटळ होती आणि ती तुलनाच पुढे तिला जड गेली असे मला वाटते. तामुराने त्यानंतर आणखी सहा जागतिक सुवर्णे आणि सिडनी व अथेन्स अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णे मिळवली, तीही सगळी 48 किलो गटात. पण 146 सेंटीमीटर उंचीच्या स्त्रीला तिशीतही 48 किलो वजन स्वाभाविक असू शकते. 172 सेंटीमीटर उंचीच्या मुलीला ते अठराव्या वर्षीच अवघड असते. दोघींनी एकाच गटात विक्रम केले एवढ्यावरून दोघींकडून सारख्याच कारकिर्दीची अपेक्षा ठेवणे चूक होते.

2019 हे तिचे सर्वोत्तम वर्ष. जूनमध्ये मिन्स्क येथील युरोपियन खेळांत, ज्यातील ज्युदो स्पर्धा त्या वर्षीची युरोपियन अजिंक्यपद स्पर्धाही होती, तिने सुवर्ण मिळवले. 25 ऑगस्टला टोकियोच्या निप्पॉन बुदोकानमध्ये, म्हणजे ज्युदोच्या माहेरघरी, जागतिक अंतिम लढतीत पुन्हा तोनाकीच समोर आली आणि प्रेक्षकांच्या साक्षीने बिलोदिदने तिला पुन्हा हरवले. त्या दिवशी कांस्यपदकांच्या मंचावर कोसोव्होची डिस्ट्रिया क्रास्निची आणि मंगोलियाची मुंखबात उरांत्सेत्सेग या दोघी होत्या. ही चार नावे लक्षात ठेवावीत. दोन वर्षांनी त्याच बुदोकानमध्ये ऑलिम्पिकच्या मंचावर त्याच चौघी उभ्या राहिल्या, फक्त पदकांचे रंग बदलले होते.

ते रंग का बदलले, याची मला तीन कारणे दिसतात आणि त्यातले सर्वांत मोठे कारण वजनाचे आहे.

साधा हिशेब करून पाहावा. उंची 172 सेंटीमीटर आणि वजन 48 किलो असेल तर देहमान निर्देशांक (बीएमआय) साधारण 16.2 येतो. प्रौढांसाठी 18.5 च्या खाली वजन कमी समजले जाते. स्पर्धेचे अधिकृत वजन आदल्या संध्याकाळी होते, आणि लढतीच्या दिवशी सकाळी चिठ्ठ्या टाकून काही खेळाडूंचे पुन्हा वजन घेतात, तेव्हा गटाच्या मर्यादेपेक्षा पाच टक्क्यांहून अधिक वजन चालत नाही. म्हणजे 48 किलोवाल्या खेळाडूला रात्रभरात भरपूर खाऊन-पिऊन 52 किलो होण्याची मुभा नाही, मर्यादा 50.4 किलो. त्या वजनालाही हा निर्देशांक 17 च्या आसपासच राहतो. हे आकडे खेळाडूच्या प्रकृतीचा निवाडा करायला पुरेसे नाहीत, स्नायू आणि हाडांची ठेवण व्यक्तीगणिक वेगळी असते, हे मी मान्य करते. तरीही कोणताही अनुभवी प्रशिक्षक हे आकडे पाहून एवढे नक्की सांगेल की इथे उतरवण्याजोगी चरबी शिल्लक नाही. जे उतरेल ते पाणी असेल किंवा स्नायू.

सोळाव्या-सतराव्या वर्षी मुलीचा सांगाडा अजून भरायचा असतो, त्यामुळे उंच मुलगीही हलक्या गटात बसू शकते. अठरा ते वीस या वर्षांत खांदे आणि कंबर रुंदावतात, हाडांची घनता वाढते, स्नायू भरतात. ही वाढ थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. खाण्यातून मिळणारी ऊर्जा सतत गरजेपेक्षा कमी राहिली तर मासिक पाळी अनियमित होते किंवा बंद पडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, जखमा भरायला वेळ लागतो आणि लढतीच्या चौथ्या मिनिटाला पाय उचलले जात नाहीत. बिलोदिदच्या बाबतीत यातले काय घडले हे तिचे खासगी प्रकरण आहे आणि त्यावर तर्क लढवणे मला योग्य वाटत नाही. मी फक्त एवढे म्हणते की 2019 मध्ये अठरा वर्षांची असलेली ही खेळाडू 2021 मध्ये वीस वर्षांची झाली होती, उंची तीच होती आणि काट्यावरचा आकडाही 48 हाच ठेवायचा होता.

दुसरे कारण म्हणजे टोकियो ऑलिम्पिकच लांबले. साथीमुळे 2020 च्या स्पर्धा जुलै 2021 मध्ये झाल्या. तिशीकडे झुकलेल्या खेळाडूला एक वर्ष लांबणीवर पडले तर दुखापतीतून सावरायला वेळ मिळतो. वाढीच्या वयातल्या आणि वजनाच्या मर्यादेला टेकलेल्या खेळाडूच्या बाबतीत तेच एक वर्ष उलट बाजूने मोजले जाते. ठरल्याप्रमाणे जुलै 2020 मध्ये ऑलिम्पिक झाले असते तर सुवर्णाची सर्वांत प्रबळ दावेदार बिलोदिदच असती, असे माझे ठाम मत आहे.

तिसरे कारण प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास. पहिल्यांदा तिच्याशी गाठ पडलेल्या खेळाडूला पाठीवरून येणारा हात कसा अडवायचा हे कळत नसे. दोन-तीन वर्षांत मात्र सगळ्या संघांनी उंच सरावसाथी उभे करून तयारी केली. बुटक्या खेळाडूचे उत्तर ठरलेले असते: लांब हात खांद्यावर पोहोचण्याआधीच बाही मनगटाजवळ पकडून तो खाली ओढून ठेवायचा, अंतर अजिबात पडू द्यायचे नाही, उंच खेळाडूच्या गुरुत्वमध्याखाली शिरायचे, आणि लढत लांबवायची. चार मिनिटांत निकाल लागला नाही की गोल्डन स्कोअर, म्हणजे पहिल्या गुणावर निकाल लागणारी जादा वेळ, सुरू होतो, त्याला वेळेची मर्यादा नाही. वजन उतरवून आलेल्या खेळाडूची खरी परीक्षा तिथेच असते. जपानसारख्या देशाने दोन जागतिक अंतिम लढती एकाच प्रतिस्पर्धीकडून गमावल्यावर पुढच्या वेळेसाठी काय मेहनत घेतली असेल, याची कल्पना ज्युदोशी संबंधित कोणालाही करता येईल.

24 जुलै 2021 रोजी ती वेळ ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीतच आली आणि या वेळी तोनाकी जिंकली. अंतिम लढतीत क्रास्निचीने तोनाकीला हरवून सुवर्ण घेतले. बिलोदिदने त्याच दिवशी पुन्हा ताटामीवर येऊन इस्राएलच्या शिरा रिशोनीविरुद्धची कांस्यपदकाची लढत जिंकली. दुसरे कांस्य मुंखबातला मिळाले. तिचे अश्रू जगाने पाहिले आणि बातम्यांत ‘जगज्जेतीला फक्त कांस्य’ असा सूर होता. त्या ‘फक्त’ला माझा आक्षेप आहे. स्वतंत्र युक्रेनसाठी त्याआधी ऑलिम्पिक ज्युदोत पदके मिळवली होती ती पुरुषांनी: सिडनीत रुस्लान माशुरेन्कोने कांस्य, अथेन्सला रोमान होंत्यूकने रौप्य आणि बीजिंगला त्यानेच कांस्य. ऑलिम्पिक ज्युदोचे पदक मिळवणारी बिलोदिद ही युक्रेनची पहिली महिला. आणि आयुष्यभर पाहिलेले स्वप्न तुटल्यानंतर काही वेळातच पुन्हा जुदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, घट्ट करून नव्या लढतीला उभे राहणे, जे किती कठीण असते हे कोणत्याही प्रशिक्षकाला ठाऊक आहे, मला 2018 च्या सुवर्णाइतकेच मोठे वाटते. अशा लढतीत खेळाडू शरीराने हजर आणि मनाने घरी असतात. मी अनेक गुणी मुली अशा कांस्य लढती हरताना पाहिल्या आहेत.

टोकियोनंतर तिने 48 किलो गट सोडला. मधला 52 किलो गट ओलांडून ती थेट 57 किलोत गेली, आणि अनेकांना हे धाडस अनाकलनीय वाटले. पुन्हा तोच हिशेब करावा: 172 सेंटीमीटरला 52 किलो म्हणजे निर्देशांक 17.6, म्हणजे पुन्हा काट्याशी तीच झुंज. 57 किलोला तो 19.3 होतो. या निर्णयात मला खेळाडूची आणि तिच्या पालक-प्रशिक्षकांची समज दिसते. पण त्याची किंमत मोठी होती. 57 किलो गटात मध्यम उंचीच्या, दाट बांध्याच्या, वर्षानुवर्षे त्याच वजनावर ताकद कमावलेल्या खेळाडू असतात. तिथे बिलोदिदची उंची अजूनही फायद्याची होती, पण पाठीवरची पकड बसली म्हणून समोरची वाकत नव्हती; पाठीचे स्नायू त्या दाबाला पुरून उरत होते. नऊ किलो वाढवणे म्हणजे काट्यावर नऊ किलो जास्त दिसणे नव्हे. त्या वजनाचे ताकदीत रूपांतर व्हायला, त्या ताकदीची वेळ साधायला आणि नव्या प्रतिस्पर्ध्यांच्या सवयी अंगवळणी पडायला दोन-तीन शांत वर्षे लागतात.

इथे दोन तुलना उपयोगी पडतील. क्रास्निची मूळची 52 किलोची. कोसोव्होची ऑलिम्पिक विजेती मायलिंदा केल्मेंदी त्याच गटात असल्याने ती 48 मध्ये उतरली, तिथे टोकियोचे सुवर्ण घेतले, मग आपल्या नैसर्गिक 52 किलो गटात परतली आणि पॅरिस 2024 मध्ये रौप्य मिळवले. दोन गटांत तिचे यश टिकले, कारण एका गटाचे अंतर तिच्या शरीराला झेपणारे होते. दुसरी जपानची नात्सुमी त्सुनोदा. तीही 52 किलोवरून 48 मध्ये आली, 2021 ते 2023 सलग तीन जागतिक सुवर्णे मिळवली आणि पॅरिसमध्ये 31 वर्षे वयाची असताना ऑलिम्पिक विजेती झाली. म्हणजे याच सर्वांत हलक्या गटाची राणी एकदा सतरा वर्षांची होती आणि एकदा एकतीसची. पूर्ण वाढ झालेली स्त्री विचारपूर्वक, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली एक गट खाली येते, हा एक प्रकार. वाढणाऱ्या मुलीला खालच्या गटात अडवून धरणे हा वेगळाच प्रकार, आणि या दोहोंची गल्लत करू नये.

बिलोदिदला ती दोन-तीन शांत वर्षे मिळालीच नाहीत. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केले. कीव्हवर क्षेपणास्त्रे पडू लागली आणि देशातल्या खेळाडूंची घरे, व्यायामशाळा, सरावसाथी, सगळेच विस्कटले. तिच्यासारख्या अनेकांना परदेशात, पाहुण्यांच्या ताटामीवर सराव करावा लागला. ज्युदोत याचा फटका इतर खेळांपेक्षा जास्त बसतो, असे मी अनुभवाने सांगते. धावपटूला परक्या देशातही मैदान पुरते. ज्युदोपटूला रोज आपल्या वजनाच्या, आपल्याला ओळखणाऱ्या, मुद्दाम अडचणीत टाकणाऱ्या पाच-सहा जणी लागतात. नवा वजनगट अंगी मुरवायच्या काळात हे सरावसाथी नसणे म्हणजे पाया खणायला घेतल्यावर जमीनच बदलणे.

त्यात आंतरराष्ट्रीय महासंघाने 2023 च्या दोहा जागतिक स्पर्धेत रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना तटस्थ म्हणून खेळू दिले. युक्रेनच्या संघाने त्या स्पर्धेवर बहिष्कार टाकला आणि बिलोदिद खेळली नाही. या निर्णयाची नैतिक बाजू प्रत्येकाने आपापली ठरवावी. माझी सहानुभूती युक्रेनच्या खेळाडूंच्या बाजूने आहे हे मी लपवत नाही. क्रीडादृष्ट्या त्याचा अर्थ काय झाला ते मात्र नीट समजून घ्यावे. जागतिक स्पर्धेच्या विजेतीला क्रमवारीचे 2000 गुण मिळतात, ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या विजेतीला 1000, त्याखालच्या ग्रँड प्री स्पर्धेच्या विजेतीला 700. पॅरिससाठी प्रत्येक गटातल्या क्रमवारीतील पहिल्या 17 जणींना थेट प्रवेश होता आणि एका देशाची एकच खेळाडू धरली जात होती. पात्रतेच्या दोन वर्षांतली एक सर्वांत मोठी स्पर्धा सोडून देऊन, नव्या गटात, घराबाहेर राहून पात्रता मिळवायची होती. ती तिने मिळवली. पॅरिसमध्ये 57 किलो गटात कॅनडाच्या ख्रिस्ता देगुचीने सुवर्ण घेतले आणि बिलोदिद पदकापर्यंत पोहोचली नाही. निकालाच्या तक्त्यात एवढेच दिसते. मला त्या तक्त्यामागे चोवीस वर्षेही पूर्ण न झालेली, दोन वेळा जगज्जेती झालेली, दोन ऑलिम्पिक दोन वेगळ्या गटांत खेळलेली आणि त्यांच्या मध्ये युद्ध सोसलेली खेळाडू दिसते. हे वाक्य मी पूर्ण जबाबदारीने लिहिते: या कारकिर्दीला अपयशी म्हणणाऱ्यांना वजनगटाचा खेळ कळलेला नाही.

आता आपल्या मुलीविषयी. आपल्याकडच्या उदाहरणांपासून सुरुवात करते. ज्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये बिलोदिदला कांस्य मिळाले, त्याच 48 किलो गटात भारताची एकमेव ज्युदोपटू सुशीला देवी लिकमाबाम खेळली आणि पहिल्याच लढतीत हंगेरीच्या अनुभवी एवा चेर्नोविच्कीकडून हरली. सुशीला या गटाला साजेशा चणीची खेळाडू आहे आणि राष्ट्रकुल स्पर्धांत तिने 2014 व 2022 अशी दोन रौप्ये याच गटात मिळवली. दुसरीकडे मणिपूरचीच लिंथोई चनंबम 2022 मध्ये साराएवो येथे कॅडेट जगज्जेती झाली, कोणत्याही वयोगटात ज्युदोचे जागतिक सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय, आणि ते 57 किलो गटात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने मोठे व्हायचे तर हलक्याच गटात राहावे लागते, हा समज या एका निकालाने दूर व्हायला हवा होता.

तो दूर झालेला नाही. जिल्हा आणि राज्य स्पर्धांच्या आदल्या दिवशी दोन-दोन जर्किन घालून पळणाऱ्या, पाण्याचा घोट न घेता थुंकत बसणाऱ्या मुली मला आजही दिसतात, आणि कित्येकदा शेजारी पालकच घड्याळ घेऊन उभे असतात. 1996 मध्ये ऑलिम्पिकची तयारी करणारा दक्षिण कोरियाचा एक नामांकित ज्युदोपटू वजन उतरवण्याच्या प्रयत्नात प्राणाला मुकला होता. हे आपल्याला घाबरवण्यासाठी सांगत नाही. हा धोका केवळ कागदावरचा नाही हे कळावे म्हणून सांगते.

आपली मुलगी रोजच्या पोटभर जेवणावर 47-48 किलोंच्या आसपास असेल, पाळी नियमित असेल आणि सरावानंतर थकवा दुसऱ्या दिवशी उरत नसेल, तर या मोसमात तिने याच गटात खेळायला माझी हरकत नाही. तिचे स्वाभाविक वजन 50 च्या पुढे गेले असेल तर आजच 52 मध्ये नाव द्यावे. 51-52 झाले असेल तर वाट न पाहता 57 किलोंच्या मुलींसोबत सराव सुरू करावा, म्हणजे पुढचा गट अनोळखी राहणार नाही. दर तीन महिन्यांनी उंची मोजून ठेवावी. उंची अजून वाढत असेल तोवर वजन उतरवण्याचा विषय घरात काढूच नये. पाळी सलग तीन महिने चुकली तर प्रशिक्षकाला विचारत बसू नये, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यावे आणि तोवर स्पर्धा थांबवावी.

तंत्राच्या बाजूने पाहता, उंच मुलीने बिलोदिदकडून घेण्यासारखे खूप आहे, आणि ते कोणत्याही गटात चालते. पाठीवरची पकड घेतली की लगेच डाव टाकायची सवय लावावी, कारण पकड नुसती धरून ठेवली तर पंच शिदो देतात. ओ-उची-गारीला जोडून उलट दिशेचा एक तरी डाव तयार ठेवावा, कारण एकाच डावावर अवलंबून असलेल्या उंच खेळाडूला दोन वर्षांत सगळे ओळखतात. सान्काकु मात्र जाणकार प्रशिक्षक समोर असतानाच शिकावा. मान आणि खांदा एकत्र अडकलेले असतात आणि घाईने उलटवले तर साथीदाराच्या मानेला इजा होऊ शकते. आणि कोपर ताणून पाठीवर हात टाकताना समोरची खेळाडू खाली शिरली तर उंच मुलीचा कोपर आणि खांदा दोन्ही धोक्यात येतात, म्हणून पडायचे तंत्र, उकेमी, तिने रोज करावे. मोठ्या झालेल्या मुली ते सर्वांत आधी सोडून देतात.